सेमिनोल बाहुली: निवडायची कशी, जपायची कशी

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात बाहुली दिसली की दर दुसरा पाहुणा विचारतो, "काथ्याची आहे का? कोकणातली?" उत्तर चुकलं तरी नजर चुकलेली नसते. नारळाच्या झावळीच्या बुडाशी खोडाला लपेटलेली जी तपकिरी, जाळीदार चादर असते, तसंच आवरण फ्लोरिडातल्या पामेटो नावाच्या बुटक्या पामलाही असतं. तिथल्या सेमिनोल या मूळनिवासी समाजातल्या बायका ते सोलून काढतात, त्याचं अंग शिवतात, आत कापूस किंवा त्याच झाडाचे तंतू ठासून भरतात आणि वर रंगीत पट्ट्यांचे कपडे चढवतात. काथ्या पिळून दोर करतात. हे मात्र कुणी विणलेलं नसतं, झाडावरच कापडासारखं वाढलेलं असतं. एकदा बोट फिरवलं की फरक कायमचा कळतो.

दक्षिण फ्लोरिडात सहा वर्षं राहून मी ठाण्याला परतले, तेव्हा सोबत अकरा बाहुल्या होत्या. त्यातल्या दोन मी माझ्याच हाताने बिघडवल्या: एक धुऊन, एक उन्हात ठेवून. चोरी झाली नाही, वाळवी लागली नाही. नुकसान केलं ते माझ्या टापटिपीच्या सवयीने. पुढे जे लिहिलं आहे त्यातला बराचसा भाग आपल्या घरातल्या चांगल्या सवयी या बाहुल्यांपासून लांब कशा ठेवायच्या, याबद्दलच आहे.

आधी ओळख

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याशी झालेल्या तीन युद्धांनंतर (शेवटचं 1858 मध्ये संपलं) बहुतेक सेमिनोल लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. काहीशे लोक मात्र फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत टिकून राहिले. पामेटोच्या बाहुल्या या राहिलेल्यांच्या. कुणी "ओक्लाहोमाची जुनी सेमिनोल पामेटो बाहुली" म्हणून विकायला आणली तर आधी एक प्रश्न मनात येऊ द्या: तिकडे हे झाड उगवतं कुठे?

दलदलीतल्या लोकांची कमाई कातडी आणि पक्ष्यांची पिसं विकून व्हायची. पिसांचा व्यापार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायद्याने आवळला गेला, कातड्याचे भाव पडले आणि एव्हरग्लेड्सचं पाणी उपसून शेतीसाठी जमीन काढायचं काम सुरू झालं. त्याच सुमारास मायामीत पर्यटक येऊ लागले. म्युझा आयल आणि कॉपिंजर या बागांमधून सेमिनोल कुटुंबं पर्यटकांसमोर राहायची आणि हाताने बनवलेल्या वस्तू विकायची. 1928 मध्ये टँपा ते मायामी हा टॅमियामी ट्रेल रस्ता दलदलीच्या मधून निघाला आणि गिऱ्हाईक थेट दाराशी आलं. 1930 च्या दशकात पामेटोच्या बाहुलीने जोर धरला तो या बाजारामुळे. एव्हरग्लेड्स सिटीत एपिस्कोपल चर्चच्या डीकनेस (सेवाव्रती) हॅरिएट बेडेल यांनी 1933 पासून ग्लेड क्रॉस मिशन चालवलं. बायकांकडून वस्तू विकत घ्यायच्या आणि बाहेर खपवायच्या, हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. 1960 च्या डॉना चक्रीवादळाने ते मिशन बंद पाडलं.

हा इतिहास सांगण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. काही मूळनिवासी समाजांच्या बाहुल्या धार्मिक असतात, त्या बाहेरच्याने विकत घेणं हा अपमान ठरू शकतो. सेमिनोल बाहुली तशी नाही. ती विकण्यासाठीच केली जाते, तिच्या पैशांवर घरं चालली आहेत. म्हणून संकोच न बाळगता घ्या आणि भाव पाडू नका.

हातात घेतल्यावर काय बघायचं

खालून वर बघत जायचं. विक्रेता चेहरा दाखवतो, आपण तळ बघायचा.

स्त्री-बाहुलीला बहुधा पाय नसतात. झगा जमिनीपर्यंत उतरतो आणि खाली गोल पुठ्ठ्याचा तळ असतो, त्यावर ती उभी राहते. पुष्कळदा हातही नसतात, ते खांद्यावरच्या केपखाली झाकले आहेत असं मानायचं. पुरुष-बाहुलीला हातपाय असतात, म्हणून ती करायला जास्त वेळ लागतो आणि संख्येने कमी सापडते. तळाचा पुठ्ठा तपासा. कडा कुरतडल्यासारख्या, वरचा थर खरवडल्यासारखा दिसला तर कसर लागून गेली आहे, किंवा अजून आत आहे.

मग कपडे. सेमिनोल पॅचवर्क म्हटलं की आपल्याला गोधडी आठवते, पण पद्धत वेगळी आहे. गोधडीत जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालतात. इथे नव्या कापडाच्या लांब पट्ट्या मशीनवर एकमेकींना जोडतात, तो जोड आडवा किंवा तिरका कापतात, तुकडे थोडे सरकवून पुन्हा शिवतात आणि त्यातून नक्षीची पट्टी तयार होते. हाताने फिरवायची शिलाई मशीन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्याकडे पोचली, ही नक्षी साधारण 1910 ते 1920 च्या दरम्यान रूढ झाली. पाऊस, आगीची ज्वाळा, वीज अशी तिची नावं. वीतभर बाहुलीच्या झग्यावर असलं काम करणं सोपं नाही, म्हणून लहान बाहुल्यांवर बऱ्याचदा नुसत्या रंगीत पट्ट्या आणि झिगझॅग लेस असते. अशी बाहुली नकली समजू नका. मात्र पॅचवर्कचं चित्र छापलेलं कापड दिसलं तर बाहुली खाली ठेवा. ओळखायला सोपं आहे: झग्याची कड किंचित उलटून आतली बाजू बघा. खऱ्या पॅचवर्कमध्ये आत शिवणींची गर्दी असते, छापील कापडात काहीच नसतं.

गळ्यात मण्यांच्या सरी, कानात मणी. सेमिनोल बायका खरोखरच गळाभर, अगदी हनुवटीपर्यंत सरी घालत, त्यामुळे बाहुलीच्या गळ्यात दोनतीनच सरी आणि मोकळा दोरा लोंबत असेल तर काही सरी गळून गेल्या असं धरा.

चेहऱ्यावर डोळे आणि तोंड दोऱ्याने भरलेलं असतं. रंगाने काढलेला चेहरा दिसला तर चौकशी करा.

आणि केस. हा माझा सगळ्यात आवडता भाग. विसाव्या शतकाच्या मध्याला सेमिनोल बायका केस पुढे घेऊन एका चपट्या चौकटीवर पसरवून बांधायच्या, कपाळावर टोपीची कड यावी तसे. बाहुलीत हेच काळं कापड चढवलेल्या पुठ्ठ्याच्या तबकडीने दाखवतात. तबकडीचं सगळं वजन मानेवर येतं, म्हणून जुन्या बाहुलीची पहिली जखम मानेलाच होते. डोकं हलतं का हे बघण्यासाठी ते हलवू नका. मान आणि केप यांच्यामधली शिवण नुसती डोळ्यांनी तपासा.

वयाचा अंदाज

नेमकं साल कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध व्हा. खुणा एकत्र जोडून दहावीस वर्षांचा टप्पा सांगता येतो, तेवढंच.

तबकडीचे केस 1930 च्या आधीच्या बाहुलीवर शोभत नाहीत, कारण खऱ्या बायकांचीच ती फॅशन त्यानंतरची. उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. फॅशन गेली तरी बाहुल्यांवर ती टिकली, आजही करतात. झिगझॅग लेस भरपूर असेल तर बाहुली बहुधा शतकाच्या मध्यानंतरची. चकचकीत सॅटीन, नायलॉनसारखं कापड आलं की अजून पुढची. पामेटोचा रंग नवा असताना लालसर तपकिरी असतो, पुढे काळवंडत जातो, पण धूर आणि उजेडानेही तसंच होतं, म्हणून एकट्या रंगावर विसंबू नका.

एक स्वस्त साधन उपयोगी पडतं: नोटा तपासायची अतिनील टॉर्च. अंधारात कापडावर आणि दोऱ्यावर धरा. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडात आणि साबणात पांढरेपणासाठी घातली जाऊ लागलेली रसायनं निळसर पांढरी चमकतात. "1920 ची बाहुली" म्हणून दाखवलेल्या झग्याचा दोरा ट्यूबलाइटसारखा पेटला तर काहीतरी गडबड आहे. कदाचित दुरुस्ती झाली असेल किंवा कुणीतरी डिटर्जंटने धुतली असेल. दोन्ही गोष्टी भाव ठरवताना कामाच्या आहेत. टॉर्च काही सेकंदच लावा, ती रंगाला मारकच.

प्लास्टिकच्या किंवा सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) तयार बाहुलीला सेमिनोल कपडे घातलेलाही एक प्रकार आहे. त्यातल्या काहींचे कपडे खरोखर सेमिनोल बायकांनी शिवलेले असतात. संग्रहात घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांना पामेटो बाहुलीचा भाव देऊ नका. आणि सेल्युलॉइड इतरांपासून वेगळं ठेवा: ते कुजताना आम्ल वायू सोडतं आणि झटकन पेटही घेतं.

कुठून घ्यायची

तिकडे जाणं होणार असेल तर थेट समाजाकडूनच घ्या. सेमिनोल ट्राइब ऑफ फ्लोरिडा 1957 मध्ये आणि मिकासुकी ट्राइब 1962 मध्ये अधिकृतपणे स्थापन झाली. दोन्ही स्वतंत्र आहेत आणि बाहुल्या दोन्हींकडे होतात, तेव्हा मिकासुकी बाईला "तुम्ही सेमिनोल ना?" असं विचारू नका. बिग सायप्रस रिझर्वेशनवर (सेमिनोल समाजाच्या राखीव जमिनीवर) 1997 मध्ये उघडलेलं आ-ता-थी-की संग्रहालय आहे, नावाचा अर्थ शिकण्याची जागा. आय-75 महामार्गाच्या 49 क्रमांकाच्या एक्झिटवरून उत्तरेला 17 मैल. त्यांच्या दुकानात बाहुल्या मिळतात, आणि त्याआधी दालनात जुने कपडे बघितले की नजर तयार होते. मिकासुकींची वसाहत टॅमियामी ट्रेलवर आहे. हॉलिवूड (कॅलिफोर्नियातलं नव्हे, फ्लोरिडातलं) आणि ब्रायटन इथे हिवाळ्यात जत्रा भरतात.

ऑनलाइन किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेताना शब्द नीट वाचा. "सेमिनोल" आणि "सेमिनोल पद्धतीची" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अमेरिकेत 1990 चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अॅक्ट आहे. 1935 नंतर बनलेली वस्तू मूळनिवासी कारागिराची नसताना तशी भासवून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून प्रामाणिक विक्रेता कारागिराचं नाव आणि ट्राइब पावतीवर लिहून देतो. जो "पावतीवर कशाला" म्हणतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

पुरुष-बाहुलीच्या पागोट्यात कधीकधी पीस खोचलेलं असतं. ते खऱ्या पक्ष्याचं, विशेषतः बगळ्याचं असेल तर थांबा. 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली अशा पिसांची खरेदी-विक्री परवान्याशिवाय चालत नाही, पीस कितीही जुनं असलं तरी.

फोटोवरून घ्यायची असेल तर सहा फोटो मागवा: समोरून, पाठीमागून, तळ, मान जवळून, झग्याची आतली बाजू आणि शेजारी पट्टी ठेवून एक. आणि विचारा: घरात कुणी सिगारेट ओढतं का, तळघरात ठेवली होती का, कुबट वास येतो का. फ्लोरिडाची हवा आपल्या कोकणासारखीच दमट, बुरशी तिथूनच सोबत येऊ शकते.

नोंद, आणि तीही त्याच दिवशी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच सगळे टाळतात. माझ्या अकरापैकी चार बाहुल्या कुणी केल्या हे आज मला सांगता येत नाही, कारण "लक्षात राहील" असं वाटलं होतं.

करणारीचं नाव, ट्राइब, कुठे घेतली, तारीख, किंमत, उंची सेंटिमीटरमध्ये, कापडावरच्या नक्षीचं नाव तिने सांगितलं तसं, आणि तेव्हाच दिसलेले दोष. ती समोर असेल तर विचारा की पामेटो कुठून आणला आणि शिवायला कुणी शिकवलं. सेमिनोल समाजात कुळ आईकडून चालतं: पँथर (प्यूमा), अस्वल, वारा, पक्षी, पाणमांजर अशी कुळं आहेत. आपणहून कुळ विचारणं मला आगाऊपणाचं वाटतं, पण ती बोलली तर लिहून घ्या. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि नकार आला तर हसून सोडून द्या.

बाहुलीवर मूळ चिठ्ठी, किमतीचं लेबल, जुनी टाचणी असेल तर ते उपटू नका. चिठ्ठीचा फोटो काढा. गंजलेली टाचणी मात्र कापड खाते. ती हळूच काढून छोट्या पाकिटात, नाव घालून, बाहुलीसोबतच ठेवा. आपला क्रमांक बाहुलीवर लिहायचा नाही. पांढऱ्या सुती फितीवर पेन्सिलीने लिहून फीत केपखाली सैल बांधायची.

घरी आल्यावर पहिला महिना

नवी बाहुली सरळ जुन्यांच्या शेजारी ठेवू नका. पारदर्शक पिशवीत घालून, खाली पांढरा कागद ठेवून, वेगळ्या खोलीत महिनाभर राहू द्या. कागदावर बारीक भुसा, दाणेदार कण किंवा किड्याची कात दिसली तर पाहुणा एकटा आलेला नाही. पामेटो, कापूस आणि पुठ्ठा हे सगळं वनस्पतीचं. म्हणून लोकर खाणाऱ्या पतंगापेक्षा इथे भीती कसरीची, झुरळांची आणि हळद-मसाल्यात होणाऱ्या तपकिरी भुंग्याची.

किडा दिसला तर औषध फवारू नका. बाहुली मऊ कागदात गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा, वर दुसरी पिशवी चढवा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. संग्रहालयं उणे 20 अंशांच्या आसपास आठवडाभर ठेवतात. घरचा फ्रीजर तेवढा थंड असेलच असं नाही आणि दार सारखं उघडतं, म्हणून मी दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं बाष्प थेट बाहुलीवर जमतं. मटाराच्या शेजारी बाहुली बघून घरचे काय म्हणतील त्याची तयारी ठेवा. मणी चिकट किंवा पांढरट झाले असतील तर हा उपाय करू नका, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

डांबराच्या गोळ्या नकोत. नॅफ्थलीनची वाफ कापडावर आणि मण्यांवर पुन्हा जमते, प्लास्टिक मऊ करते आणि माणसालाही चांगली नाही. आजी शालूच्या घडीत वेखंड ठेवायची तशी पुरचुंडी पेटीत ठेवायला माझी ना नाही, पण मांजरपाटाच्या दोन थरांत बांधून, बाहुलीला स्पर्श होणार नाही अशी. आणि ती ठेवली म्हणून तपासणी टाळायची नाही. पुरचुंडीत भुंगे झालेलेही मी पाहिले आहेत.

धूळ आणि डाग

धूळ ओढून काढायची, पुसायची नाही. व्हॅक्युम क्लीनर सर्वांत कमी वेगावर ठेवा, नळीच्या तोंडाला जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा रबराने बांधा, आणि रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ नळीकडे ढकलत न्या. नळी कापडाला टेकवायची नाही. झग्याच्या पट्ट्या शिवणीच्या दिशेने, केप वरून खाली, केस सगळ्यात शेवटी. पामेटोच्या अंगावरून सुटे तंतू निघतील. ते उपटायचे नाहीत, झाडाचा तो स्वभावच आहे.

हात धुऊन, कोरडे करून. सुती हातमोजे मी वापरत नाही, कारण त्यांचे धागे पामेटोच्या खरखरीत तंतूंत अडकतात. नायट्राइलचे (रबरासारखे) घट्ट हातमोजे चालतात.

आता धुण्याची गोष्ट. माझ्या एका बाहुलीच्या केपवर चहाचा थेंब होता. ओल्या कापसाने फक्त तेवढाच भाग टिपला. लाल पट्टीचा रंग पाच मिनिटांत शेजारच्या पिवळ्या पट्टीत उतरला आणि तिथून पांढऱ्या लेसवर. वाळवताना ओलावा पामेटोत शिरला, त्याने स्वतःचा तपकिरी रंग वर सोडला. आधी मोहरीएवढा डाग होता, नंतर तळहाताएवढा झाला. डाग असू द्या. फारच वाटलं तर कापडसंवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे न्या. ड्रायक्लीनिंगचं दुकान हा त्याला पर्याय नव्हे.

पेटी कशी भरायची

पेटीला तपकिरी खोका वापरू नका, त्यातलं आम्ल कापडात उतरतं आणि कसरीला तो पुरणपोळीसारखा. आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी मिळाली तर उत्तम. नाहीतर तळाला त्रिकोणात 5 आकडा असलेली पॉलिप्रोपिलीनची झाकणाची पेटी घ्या. पीव्हीसी नको.

गुंडाळायला मांजरपाट किंवा मलमल चालते, पण आधी तीनचार वेळा गरम पाण्यात साबण न घालता धुवा. कापडातली खळ निघाली नाही तर किड्यांना जेवण वाढल्यासारखं होतं. आम्लरहित टिश्यू कागद असेल तर त्याचे सैल बोळे करून झग्याच्या आत भरा म्हणजे घडी पडणार नाही. एकाच जागी वर्षानुवर्षं राहिलेली घडी शेवटी फाटते.

बाहुली उताणी झोपवा. मानेखाली मलमलीची छोटी चुंबळ, डोक्यावरच्या तबकडीवर कशाचाही भार नाही, मण्यांच्या सरी केपवर न लोंबता एका बाजूला कागदावर टेकलेल्या. दोन बाहुल्या एकमेकींवर नाहीत, कितीही जागा वाचत असली तरी. पेटी बाहेरच्या भिंतीला लागून, बाथरूमच्या भिंतीपाशी किंवा माळ्यावर ठेवू नका. घरात सर्वांत कंटाळवाणी जागा असते, बदल न होणारी, ती शोधा. आमच्याकडे ती मधल्या खोलीतल्या कपाटाचा कमरेइतक्या उंचीचा कप्पा आहे.

पावसाळा

पुस्तकी आकडा असा: तापमान 18 ते 21 अंश, आर्द्रता 45 ते 55 टक्के. ठाण्यात जुलैमध्ये हा आकडा वाचून फक्त हसता येतं. तेव्हा ध्येय बदलायचं. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाव मिळतो, म्हणून पेटीच्या आत ती 60 च्या खाली ठेवायची. आणि चढउतार टाळायचे. रात्री एसी, दिवसा बंद, अशा खोलीतली बाहुली बिनएसीच्या खोलीतल्या बाहुलीपेक्षा लवकर खराब होते, कारण तंतू रोज फुगतात आणि आकसतात.

छोटा डिजिटल आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो. पारदर्शक पेटीत आकडे बाहेरून दिसतील असा ठेवा, म्हणजे झाकण उघडावं लागत नाही. सोबत सिलिका जेलची पाकिटं, नारंगी रंगाची. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते नको. पाकिटं बाहुलीला लागून नाहीत, कोपऱ्यात. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. अति उत्साहात पाकिटं कोंबू नका. आर्द्रता 40 च्या खाली गेली तर पामेटो ठिसूळ होतो आणि तंतू तुटतात.

बुरशी आलीच तर घरात झटकू नका. मास्क लावून, बाहुली कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या, हवेशीर सावलीत नेऊन वाळू द्या. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की मगच गच्चीवर, घरापासून दूर, ब्रशने काढा. ऊन दाखवायचा मोह होईल. लोणच्याच्या बरण्यांना ऊन द्यावं, बाहुलीला नको. माझी दुसरी बिघडलेली बाहुली मी तीन दुपारी गॅलरीत ठेवली होती. लाल पट्ट्या विटकरी झाल्या, केपची एक बाजू कायमची फिकी पडली.

मणी

जुन्या काचेच्या काही मण्यांना एक रोग होतो. काचेतला क्षार बाहेर येतो, मणी चिकट किंवा पांढरट दिसतात, बारीक तडे जातात. तो क्षार दोरा कुजवतो आणि एके दिवशी सगळी सर पेटीत ओघळते. एकाच रंगाचे मणी आजारी आणि शेजारचे ठणठणीत, असंही असतं. पूर्ण इलाज नाही. हवा कोरडी आणि स्थिर ठेवायची, मणी आणि कापड यांच्यामध्ये टिश्यू सरकवायचा, तो काही महिन्यांनी बदलायचा.

सर तुटली तर मणी जसे पडले तसे गोळा करा आणि आधी फोटो काढा. रंगांचा क्रम हीसुद्धा माहितीच. नव्या दोऱ्यात ओवायचे असतील तर पांढरा सुती किंवा पॉलिस्टर दोरा घ्या, नायलॉनची मासेमारीची तार नको. जुना दोरा पाकिटात जपा.

दुरुस्ती

नियम एकच: जे केलं ते उद्या कुणाला उलगडता आलं पाहिजे. म्हणून डिंक, फेव्हिकॉल, ग्लू गन काही नको. उसवलेली लेस बारीक सुईने, मूळच्याच भोकांतून, सैल टाके घालून धरता येते. वेगळ्या छटेचा दोरा वापरायला मी मुद्दाम कचरत नाही, दुरुस्ती दिसली तरी चालते. फाटलेल्या केपखाली रंगाशी जुळणारी पातळ मलमल ठेवून चार टाके घालता येतात. मान डळमळीत असेल तर टाका घालू नका, मलमलीची सैल पट्टी गुंडाळून आधार द्या आणि बाहुली आडवीच ठेवा. चेहऱ्याच्या टाक्यांना हात लावायचा नाही.

मांडून ठेवायचीच असेल तर

ठेवा की, नाहीतर घ्यायची कशाला. पण खिडकीसमोर नाही, देवघराजवळ नाही (उदबत्तीची काजळी तेलकट असते, निघत नाही) आणि स्वयंपाकघराच्या फोडणीच्या वाटेवर तर नाहीच. संग्रहालयात कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. घरी त्याचा अंदाज म्हणजे वाचायला थोडं कमी पडेल इतका उजेड. कपाटाला काच असावी, आतला दिवा बंद असावा. एका वेळी एकदोनच बाहेर काढा आणि तीन महिन्यांनी बदला. फिका पडलेला रंग अंधारात ठेवून परत येत नाही.

माझ्या घरात हे सगळं मराठी पंचांगावर बसवलं आहे. मृगाच्या आठवडाभर आधी पेट्या भरायच्या, सिलिका तापवायचा, झाकणं लावायची. पावसात दर रविवारी बाहेरूनच आकडा बघायचा. दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी पडली की एकेक पेटी उघडायची: आधी वास घ्यायचा, मग तळाचा पुठ्ठा, मग मान, मग मणी. प्रत्येकीचा त्याच कोनातून, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि मागच्या वर्षीच्या फोटोला लावून बघायचा. बदल दिसला तर वहीत तारखेसह लिहायचा. अकरा बाहुल्यांना एक सकाळ पुरते, त्यातला अर्धा वेळ चेहऱ्यांकडे बघण्यात जातो.